गर्भाशयातील फायब्रॉइड आणि दाद न देणारे डॉक्टर : उपचारांचे पर्याय मिळवायचे कसे

गर्भाशयात फायब्रॉइडची गाठ आहे असे सोनोग्राफीत दिसल्यावर पुष्कळ स्त्रियांना तपासणीच्या खोलीत दोनपैकी एक वाक्य ऐकावे लागते. एक म्हणजे, 'अशा गाठी खूप जणींना असतात, काही करायची गरज नाही'. आणि दुसरे, 'मुले झाली आहेत ना, मग पिशवी काढून टाका'. गंमत अशी की ही दोन्ही वाक्ये काही रुग्णांच्या बाबतीत अगदी बरोबर असतात. पन्नाशी गाठेपर्यंत बहुसंख्य स्त्रियांच्या गर्भाशयात लहानमोठी गाठ सापडते आणि त्यांतल्या कितीतरी जणींना तिचा पत्ताही नसतो. उलट ज्यांना आता मूल नको आहे आणि वर्षानुवर्षांच्या रक्तस्रावाने ज्या थकून गेल्या आहेत, त्यांतल्या अनेकींना पिशवी काढल्यावर खरोखरच सुटल्यासारखे वाटते. तक्रार आहे ती हीच वाक्ये गाठ नेमकी कुठे आहे, रक्त किती जाते, शरीरात लोह किती उरले आहे आणि समोर बसलेल्या स्त्रीला काय हवे आहे हे न पाहता उच्चारली जातात त्याबद्दल.

अशा वेळी 'मग दुसरे पर्याय कोणते?' असे विचारून फारसे काही हाती लागत नाही, कारण त्यावर 'तुमच्यासाठी दुसरा पर्याय नाही' एवढे उत्तर पुरते. 'माझ्या या गाठीला अमुक उपचार का चालणार नाही?' हा प्रश्न मात्र सहज टाळता येत नाही. तो विचारता यावा यासाठी तीन गोष्टी हाताशी असाव्या लागतात : रक्तस्रावाची लेखी नोंद, गाठीचा नेमका ठावठिकाणा आणि स्वतःच्या अपेक्षांचा स्पष्ट क्रम. पुढचे विवेचन मुख्यतः या तीन गोष्टी कशा जमवाव्यात आणि कशा वापराव्यात याविषयी आहे.

त्याआधी एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे. तासाला एक पॅड पूर्ण भिजते आहे आणि हे दोन तास किंवा अधिक चालू आहे, उभे राहताच चक्कर येते, धाप लागते, छातीत दुखते, लघवी अडली आहे किंवा पोटात अचानक असह्य कळा सुरू झाल्या आहेत, यांपैकी काहीही घडत असेल तर पर्यायांची चर्चा बाजूला ठेवून थेट तातडीच्या विभागात जावे. पाळी कायमची थांबून वर्ष उलटल्यानंतर पुन्हा रक्त दिसले तर त्याचे खापर जुन्या फायब्रॉइडवर फोडून स्वस्थ बसू नये. त्याची तपासणी लवकर व्हायलाच हवी. गरोदर असण्याची थोडीशीही शक्यता असेल तर ती आधी तपासून घ्यावी.

रक्तस्राव आकड्यांत मांडणे

'पाळीत खूप जाते' हे वाक्य डॉक्टर दिवसातून कितीतरी वेळा ऐकतात, त्यामुळे त्याचे वजन कमी झालेले असते. पूर्वी एका पाळीत ८० मिलिलिटरपेक्षा अधिक रक्त गेले तर ते अतिरिक्त समजत. हा आकडा संशोधनासाठी ठीक होता, पण घरी कोणी रक्त मोजत नाही. ब्रिटनच्या 'नाइस' या आरोग्यविषयक मार्गदर्शक संस्थेने २००७ साली व्याख्याच बदलली आणि ज्या रक्तस्रावामुळे स्त्रीच्या शारीरिक, मानसिक, सामाजिक किंवा आर्थिक जीवनावर परिणाम होतो तो अतिरिक्त रक्तस्राव, असे म्हटले. माझ्या मते ही व्याख्या अधिक माणुसकीची आहे. तरीही घाईत असलेल्या किंवा मनातून निर्णय घेऊन बसलेल्या डॉक्टरांपुढे आकडाच अधिक चालतो, म्हणून दोन्ही जवळ ठेवावे.

आकडा काढण्याची एक सोपी पद्धत १९९० सालापासून वापरात आहे. पॅड थोडेसे डागाळले असेल तर १ गुण, मध्यम भिजले असेल तर ५ आणि पूर्ण भिजले असेल तर २० गुण धरायचे. रक्ताची लहान गुठळी पडली तर १ आणि मोठी पडली तर ५ गुण त्यात मिळवायचे. पाळीच्या सर्व दिवसांची बेरीज १०० च्या वर गेली तर रक्तस्राव जास्त आहे असे समजायला सबळ आधार मिळतो. ही मोजणी अगदी काटेकोर नसते, पण तीन महिन्यांच्या तीन बेरजा एका कागदावर दिसल्या की बोलणे 'तुम्हाला तसे वाटते' या पातळीवरून वर येते. त्याच कागदावर रात्री किती वेळा उठावे लागले, कपडे किंवा अंथरूण किती वेळा खराब झाले, कामावरून किती दिवस रजा घ्यावी लागली, लघवीला किती वेळा जावे लागते, बद्धकोष्ठता आहे का, संबंधांच्या वेळी दुखते का, हेही तारखेसह थोडक्यात लिहावे. शेवटची तक्रार अनेकजणी संकोचाने गाळतात आणि मग निर्णयही ती गाळूनच होतो.

या कागदाला रक्ततपासणीची जोड हवी. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार तो रक्तक्षय होय. केवळ हिमोग्लोबिनवर मात्र थांबू नये. शरीरातील लोहाचा साठा सांगणारी फेरिटिन ही तपासणीही मागावी, कारण साठा आधी संपतो आणि हिमोग्लोबिन नंतर घसरते. हळूहळू वाढणाऱ्या रक्तक्षयाशी शरीर जुळवून घेते, त्यामुळे हिमोग्लोबिन ७ वर आलेली स्त्रीही 'थोडा थकवा येतो, एवढेच' असे सांगते आणि डॉक्टर तेच लिहून घेतात. तिच्या सहनशक्तीचा तोटा असा तिलाच होतो. थायरॉइडची तपासणीही एकदा झालेली बरी. पहिल्या पाळीपासूनच खूप रक्त जात असेल, दात काढल्यावर किंवा जखम झाल्यावर रक्त लवकर थांबत नसेल, तर रक्त गोठण्याच्या दोषाची तपासणी करण्याविषयी स्वतःहून विचारावे. अशा रुग्णाची गाठ काढली तरी मूळ दोष तसाच राहतो.

गाठीचा ठावठिकाणा

फायब्रॉइड म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूंपासून बनलेली, कर्करोग नसलेली गाठ. तिचा आकार किती याचीच चर्चा सर्वाधिक होते, पण उपचार ठरवताना ती कुठे आहे याला बहुधा अधिक महत्त्व असते. गर्भाशयाच्या पोकळीत उतरलेली दीड सेंटिमीटरची गाठ दर महिन्याला पाट वाहवू शकते, तर बाहेरच्या अंगाला वाढलेली सहा सेंटिमीटरची गाठ रक्तस्रावाच्या बाबतीत अगदी निरुपद्रवी असू शकते. म्हणून 'गाठ लहान आहे, तिच्यामुळे इतके रक्त जाणार नाही' असे कोणी म्हटले, तर गाठ पोकळीला लागून आहे का, एवढेच शांतपणे विचारावे.

स्त्रीरोगतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे 'फिगो'ने, २०११ साली गाठींची ० ते ८ अशी वर्गवारी प्रसिद्ध केली. प्रकार ० ही गाठ पूर्णपणे पोकळीत, देठावर असते. प्रकार १ चा निम्म्याहून कमी भाग स्नायूच्या भिंतीत असतो. प्रकार २ चा निम्मा किंवा अधिक भाग भिंतीत असतो. प्रकार ३ पूर्ण भिंतीत असूनही आतल्या अस्तराला टेकलेली असते. प्रकार ४ भिंतीच्या मधोमध असते. ५ आणि ६ बाहेरच्या बाजूला फुगत जातात, ७ बाहेर देठावर लोंबते, आणि गर्भाशयमुखासारख्या इतर ठिकाणच्या गाठी ८ मध्ये मोडतात. तुमच्या अहवालात नुसते 'गर्भाशयात फायब्रॉइड' एवढेच लिहिले असेल, तर पर्याय नाकारण्याइतकी माहिती कोणाहीपाशी अजून जमलेली नाही, हे लक्षात घ्यावे. गाठी किती, प्रत्येकीचे माप काय, प्रकार कोणता, पोकळी वाकडी झाली आहे का आणि गर्भाशयाचा एकूण आकार किती आठवड्यांच्या गर्भारपणाएवढा आहे, इतके तरी अहवालात असायला हवे.

पोटावरून केलेल्या सोनोग्राफीपेक्षा योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी पोकळीजवळच्या गाठी अधिक स्पष्ट दाखवते. पोकळीत सलाइन सोडून केलेली सोनोग्राफी किंवा दुर्बीण आत घालून केलेली पाहणी त्याहूनही नेमकी असते. गाठी अनेक असतील, मोठ्या असतील किंवा गर्भाशयाच्या भिंतीतच अस्तरासारखी ऊती शिरलेली असण्याचा, म्हणजे अडेनोमायोसिसचा संशय असेल, तर एमआरआय उपयोगी पडतो. हा दुसरा विकार फायब्रॉइडसारखीच लक्षणे देतो, कित्येकदा त्याच्यासोबतच असतो, आणि त्याचे उपचार वेगळ्या वाटेने जातात. रक्तस्राव अनियमित असेल आणि वय ४५ च्या पुढे असेल, तर गर्भाशयाच्या अस्तराचा नमुना तपासणे योग्य ठरते. डॉक्टरांनी त्याचा आग्रह धरला तर तो अडवणूक समजू नये.

कोणत्या गाठीला कोणता उपचार

प्रश्न विचारण्यापुरती उपचारांची ओळख असावी. काहीच त्रास नसेल तर ठरावीक काळाने नुसते लक्ष ठेवणे हाही रीतसर उपचार आहे. पाळी जाण्याचे वय जवळ आले असेल तर ही वाट अधिकच शहाणपणाची, कारण पाळी गेल्यावर गाठी सहसा आक्रसतात. मात्र ३९ वर्षांच्या आणि हिमोग्लोबिन ८ असलेल्या स्त्रीला 'पाळी गेली की आपोआप बरे होईल' असे सांगणे म्हणजे तिला आणखी दहाबारा वर्षे रक्त घालवायला सांगणे होय, आणि हे तिने अगदी याच शब्दांत म्हणून दाखवायला हरकत नाही.

रक्तस्राव कमी करणाऱ्या औषधांत ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड हे हार्मोन नसलेले औषध आहे. ते पाळीच्या जड दिवसांतच घ्यायचे असते, पण पूर्वी शिरेत रक्ताची गुठळी झालेली असेल तर ते चालत नाही. आयबुप्रोफेन किंवा मेफेनामिक अॅसिडसारखी वेदनाशामके दुखणे आणि काही प्रमाणात रक्तही कमी करतात. गर्भनिरोधक गोळ्या आणि हार्मोन सोडणारी कॉपर-टीसारखी कांडी, जिच्यात ५२ मिलिग्रॅम लेव्होनॉर्जेस्ट्रेल असते, यांनी अनेकींचे काम भागते. पण पोकळी गाठीमुळे वाकडी झाली असेल तर कांडी निसटून पडण्याचा संभव वाढतो. या कोणत्याही औषधाने गाठ विरघळत नाही, हे आधीच माहीत असावे, म्हणजे तीन महिन्यांनी सोनोग्राफीत गाठ तेवढीच दिसली म्हणून औषध फसले असा निष्कर्ष निघणार नाही. या औषधांचे यश रक्त किती कमी झाले यावर मोजायचे असते.

गाठ लहान करणारी औषधे निराळी. ल्यूप्रोलाइडसारखी इंजेक्शने पाळी तात्पुरती बंद पाडतात आणि गाठ आक्रसवतात. ती बहुधा शस्त्रक्रियेआधी तीन ते सहा महिने देतात, कारण थांबवली की गाठ पुन्हा वाढू लागते. तोंडाने घ्यायच्या नव्या गोळ्यांपैकी एलागोलिक्स असलेल्या मिश्रणाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० साली आणि रेलुगोलिक्स असलेल्या मिश्रणाला २०२१ साली मान्यता दिली. हाडे विरळ होण्याच्या धोक्यामुळे तिथे त्यांना २४ महिन्यांची मर्यादा आहे. युलिप्रिस्टल या औषधाने काही रुग्णांत यकृताला गंभीर इजा झाल्यामुळे युरोपात २०२० साली त्याच्या वापरावर कडक मर्यादा घालण्यात आल्या, त्यामुळे ते सुचवले गेले तर यकृताच्या तपासण्या कधी आणि किती वेळा होणार, हे विचारल्याशिवाय पहिली गोळी घेऊ नये.

गर्भाशय राखून गाठ काढण्याच्या शस्त्रक्रियेला मायोमेक्टोमी म्हणतात. प्रकार ० आणि १ च्या, तसेच निवडक प्रकार २ च्या गाठी योनीमार्गातून दुर्बीण घालून, पोटावर एकही छेद न घेता काढता येतात आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी घरी जाते. पोकळीतल्या एका लहान गाठीसाठी थेट पिशवी काढण्याचा सल्ला मिळाला, तर दुसरे मत घेण्याचे याहून स्वच्छ कारण क्वचितच सापडेल. भिंतीतल्या आणि बाहेरच्या गाठी पोटातून दुर्बिणीने किंवा छेद घेऊन काढतात. या शस्त्रक्रियेनंतर पुन्हा नव्या गाठी होऊ शकतात आणि भिंत खोलवर उघडली असेल तर पुढच्या बाळंतपणात सिझेरियनचा सल्ला मिळू शकतो. हे दोन्ही तोटे खरे आहेत, पण त्यांच्यामुळे हा पर्याय बाद होत नाही. तोटे तोलण्याचे काम रुग्णाचेही आहे.

धमनी बंद करण्याचा उपचार, म्हणजे एम्बोलायझेशन, पॅरिसमधल्या डॉक्टरांनी १९९५ साली फायब्रॉइडसाठी प्रसिद्ध केला. जांघेतल्या किंवा मनगटातल्या धमनीतून बारीक नळी गर्भाशयाच्या धमन्यांपर्यंत नेऊन तिथे सूक्ष्म कण सोडतात, त्यामुळे गाठींचा रक्तपुरवठा तुटतो आणि त्या सुकत जातात. पहिले काही दिवस चांगलेच दुखते. नेदरलँड्समधील एका चाचणीत या उपचारानंतर दहा वर्षांनीही जवळपास दोन तृतीयांश स्त्रियांना पिशवी काढावी लागलेली नव्हती. ब्रिटनमधील २५४ स्त्रियांच्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र दोन वर्षांनंतरचे जीवनमान मायोमेक्टोमी झालेल्या गटात अधिक सुधारलेले आढळले, जरी सुधारणा दोन्ही गटांत झाली होती. पुढे गर्भधारणा हवी असलेल्या स्त्रीसाठी एम्बोलायझेशन ही सहसा पहिली निवड नसते. हा उपचार स्त्रीरोगतज्ज्ञ करत नाहीत, तो इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट, म्हणजे क्ष-किरणांसारख्या प्रतिमा पाहत नळीने उपचार करणारे तज्ज्ञ, करतात. आणि बोलण्यात तो बहुतेकदा येतच नाही याचे मोठे कारण मला हेच वाटते, की जो उपचार आपण स्वतः करत नाही तो चटकन सुचत नाही.

ध्वनिलहरी एकवटून किंवा रेडिओलहरींच्या उष्णतेने गाठ जाळण्याच्या पद्धतीही आहेत. निवडक गाठींना त्या चालतात, सर्वत्र उपलब्ध नसतात, आणि उपलब्ध असल्या तर आपली गाठ त्यांत बसते का एवढे विचारून घ्यावे.

गर्भाशय काढणे हा एकमेव उपचार असा, की त्यानंतर फायब्रॉइड पुन्हा होण्याचा प्रश्न राहत नाही. सर्व पर्याय कळल्यावर तो निवडणारी स्त्री काही चूक करत नसते. त्यात एक गोष्ट मात्र वेगळी विचारावी : बीजांडकोश ठेवणार की काढणार? पाळी जाण्याआधी दोन्ही बीजांडकोश काढले तर त्याच दिवशी रजोनिवृत्ती सुरू होते आणि हाडे व हृदय यांच्या आजारांचा धोका वाढतो. 'पोट उघडलेच आहे तर तेही काढू' हे त्यासाठी पुरेसे कारण होत नाही.

प्रत्यक्ष भेटीत

भेटीला जाण्याआधी आपल्या अपेक्षा क्रमाने लिहाव्यात. पुढे मूल हवे आहे का, किती वर्षांत. गर्भाशय राखायचेच आहे का, आणि त्याचे कारण मूल हे नसले तरी चालते. रक्त थांबणे महत्त्वाचे की पोटावरचा दाब कमी होणे. किती दिवसांची विश्रांती परवडेल. हार्मोनची औषधे चालतील का. हा क्रम डॉक्टरांना माहीत नसतो, आणि विचारला गेला नाही तर तो आपण सांगावा : 'डॉक्टर, माझी पहिली गरज रक्त थांबवणे ही आहे, दुसरी गर्भाशय राखणे ही आहे. गाठ प्रकार २ ची, तीन सेंटिमीटरची आहे. योनीमार्गातून दुर्बिणीने ती काढता येईल का, आणि येत नसेल तर कशामुळे?' असे बोलणे अर्ध्या मिनिटात होते. पहिल्या दोन वाक्यांत सांगण्यासारखे सर्व सांगून टाकावे. पंधरा वर्षांचा इतिहास कागदावर असू द्यावा. सोबत एखादी जवळची व्यक्ती असावी आणि तिने फक्त लिहून घ्यावे. तिनेच बोलायला सुरुवात केली की डॉक्टर तिच्याशी बोलू लागतात आणि रुग्ण बाजूला पडते, हे अनेकदा दिसते.

नकार मिळालाच तर तो कोणत्या जातीचा आहे हे ओळखावे, कारण प्रत्येकाला उत्तर वेगळे आहे. नकाराला वैद्यकीय कारण असू शकते, जसे की गाठी इतक्या आणि अशा जागी आहेत की त्या काढताना गर्भाशय वाचणे कठीण; हे कारण नीट समजावून घ्यावे आणि पचवायला वेळ मागावा. डॉक्टर ती विशिष्ट शस्त्रक्रिया करत नसतील, तर 'हे होत नाही' आणि 'हे मी करत नाही' यांतला फरक त्यांच्याकडूनच स्पष्ट करून घ्यावा : 'ही शस्त्रक्रिया माझ्यासाठी अयोग्य आहे, की ती इथे होत नाही?' असा प्रश्न त्यासाठी पुरतो, आणि दुसरे उत्तर आले तर जे ती करतात त्यांच्या नावे चिठ्ठी मागावी. त्रासच मान्य होत नसेल, 'एवढे तर बायकांना होतेच' अशा थाटाचे काही ऐकू आले, तर वाद न घालता गुणांचा कागद आणि फेरिटिनचा अहवाल पुढे ठेवावा, आणि 'हे आकडे सामान्य आहेत असे आपले मत असेल तर तसे केसपेपरवर लिहून द्यावे' अशी विनंती करावी. ही विनंती आवाज न चढवता केली तरच तिचा उपयोग होतो. लिहायची वेळ आली की बरेचजण पुन्हा एकदा अहवाल बघतात.

कर्करोगाची भीती घालून घाई केली जाते तो प्रकार अधिक अवघड आहे, कारण ही भीती पूर्ण निराधार नाही. फायब्रॉइडसारखी दिसणारी गाठ क्वचित सार्कोमा, म्हणजे एक प्रकारचा कर्करोग, निघते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१४ साली फायब्रॉइडसाठी शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे ३५० स्त्रियांमागे एक असा अंदाज दिला होता. इतर काही अभ्यासांत हे प्रमाण बरेच कमी आले आहे, आणि कमी वयात ते आणखी खाली जाते. त्याच इशाऱ्यामुळे दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत गाठ पोटातच यंत्राने बारीक करण्याविषयी सावधगिरी आली, आणि तसे करायचेच झाले तर बंद थैलीत करावे असा आग्रह धरला जाऊ लागला. तेव्हा 'कर्करोग असू शकतो' असे कानावर पडले तर विचारावे की माझ्या वयात, माझ्या तपासणीत अशी शंका येण्यासारखे नेमके काय दिसले. रजोनिवृत्तीनंतर वाढत असलेली गाठ किंवा एमआरआयवरील संशयास्पद चित्र, असे उत्तर आले तर घाई योग्य आहे. 'सांगता येत नाही' एवढेच उत्तर असेल, तर दुसरे मत घेण्याइतका वेळ नक्की असतो.

दुसरे मत

दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना सोनोग्राफीच्या अहवालासोबत प्रतिमाही न्याव्यात, एमआरआयची सीडी न्यावी, आधीच्या शस्त्रक्रियेची टिपणे आणि ऊतितपासणीचे अहवाल न्यावेत. आपल्या कागदांच्या प्रती मागण्यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. निवड करताना आपल्याला ज्या उपचाराचा विचार करायचा आहे तो नियमितपणे करणारे डॉक्टर शोधावेत. मायोमेक्टोमी क्वचितच करणाऱ्या तिघांचे मत घेतले तर एकच उत्तर तीनदा ऐकण्याची शक्यता अधिक. एम्बोलायझेशनविषयी इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टशीच बोलावे.

आधीच्या डॉक्टरांच्या तक्रारीने सुरुवात करू नये. त्यात राग खरा असला तरी मिळालेल्या वेळातली पाच मिनिटे जातात, आणि ऐकणारा डॉक्टर नकळत आपल्या व्यवसायबंधूच्या बाजूला सरकतो. त्याऐवजी आपला कागद द्यावा आणि मग विचारावे : अशा किती शस्त्रक्रिया आपण वर्षाला करता, त्यांत ऐनवेळी पिशवी काढावी लागली असे कितीदा झाले, रक्त द्यावे लागण्याची शक्यता किती, गाठ बाहेर कशी काढणार, आणि आपण माझ्या जागी असता तर कोणता धोका आपल्याला सर्वाधिक महत्त्वाचा वाटला असता? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर सहसा मनापासून येते.

दोन मते जुळली नाहीत तर गोंधळून जाण्याचे कारण नाही. मतभेद गाठीच्या जागेबद्दल आहे, की धोक्याबद्दल, की केवळ त्यांच्या सवयीच्या पद्धतीबद्दल, हे पाहावे. जागेबद्दलचा मतभेद आणखी एका तपासणीने मिटतो. सवयीबद्दलचा मिटवण्याची जबाबदारी रुग्णावर नसते.

संमतीपत्र

शस्त्रक्रिया ठरली तर संमतीपत्र आदल्या दिवशीच मागून घरी वाचावे. मायोमेक्टोमीसाठी सही करताना त्याच कागदावर 'गरज पडल्यास गर्भाशय काढणे' असे छापलेले असू शकते. ही तरतूद जीव वाचवण्यासाठी आवश्यक असते, परंतु ती तेवढ्यापुरतीच राहावी यासाठी 'अनावर रक्तस्रावामुळे जिवाला धोका निर्माण झाल्यासच' असे शब्द हाताने घालून घेता येतात. भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली अशाच एका प्रकरणात निकाल दिला होता : रुग्णाने केवळ तपासणीच्या दुर्बिणीला संमती दिलेली असताना, ती भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन गर्भाशय व बीजांडकोश काढण्यात आले होते, आणि तातडीचा धोका नसताना शुद्धीवर येऊ शकणाऱ्या प्रौढ स्त्रीच्या वतीने दुसऱ्याने दिलेली संमती न्यायालयाने वैध मानली नाही. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली, रुग्णाला महत्त्वाचे वाटतील असे धोके आणि वाजवी पर्याय सांगणे हे डॉक्टरांचे कर्तव्य असल्याचे म्हटले. तपासणीच्या खोलीत निकालांचे दाखले देत बसू नये, त्याने बोलणे बंद पडते. पण आपण मागतो आहोत ती मेहेरबानी नाही, एवढे मनाशी पक्के असले की आवाज आपोआप शांत राहतो.

दुसरे डॉक्टर मिळण्यासारखे नसतील तर

अनेकींना डॉक्टर बदलणे शक्य नसते. अंतर, पैसा, विमा, घरची परिस्थिती, काहीही कारण असेल. अशा वेळी त्याच डॉक्टरांकडून ज्यावर मतभेद नाही तेवढे आधी पदरात पाडून घ्यावे. रक्तक्षयाच्या उपचाराला बहुधा कोणी नाही म्हणत नाही. लोहाच्या गोळ्या पोटाला सोसत नसतील तर एक दिवसाआड घेऊन चालेल का हे विचारावे, कारण तशा घेतल्या तरी लोह चांगले शोषले जाते. हिमोग्लोबिन फारच कमी असेल किंवा शस्त्रक्रिया जवळ आली असेल तर शिरेतून लोह देण्याविषयी विचारावे. त्याचबरोबर पाळीच्या दिवसांसाठी ट्रॅनेक्झॅमिक अॅसिड चालेल का, हेही विचारावे. हिमोग्लोबिन ११ वर आलेली रुग्ण कोणत्याही पर्यायासाठी ८ वाल्या रुग्णापेक्षा अधिक योग्य ठरते, शिवाय थकवा उतरल्यावर निर्णयही अधिक नीट घेता येतो.

प्रत्येक उपचाराला मुदत घालून घ्यावी. 'हे औषध किती पाळ्यांपर्यंत घेऊन पाहायचे, आणि उपयोग झाला नाही तर पुढे काय?' हे पहिल्याच दिवशी विचारून केसपेपरवर लिहून घेतले, तर तीन महिन्यांनी तोच विषय नव्याने उकरून काढावा लागत नाही. गुणांची नोंद उपचार चालू असतानाही तशीच ठेवावी. बेरीज २४० वरून ९० वर आली तर औषध काम करते आहे, २४० वरून २१० वर अडली तर पुढच्या भेटीत तोच कागद दाखवून ठरलेल्या पुढच्या पायरीची चिठ्ठी मागावी.